कंठ फुटण्याचे वय

सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या दरम्यान वसलेले कुपवाड आज प्रामुख्याने तिथल्या औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एकच महानगरपालिका झाली आणि हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात मिरजेने मिळवलेले मानाचे स्थान कागदोपत्रीही कुपवाडच्या रहिवाशांचे झाले. या वारशाविषयी बोलताना थोर गायक-वादकांची नावे अभिमानाने घेतली जातात. मात्र ही मंडळी थोर होण्यापूर्वी, म्हणजे साधारण दहा ते पंचवीस या वयात, त्यांच्या राहण्याजेवणाची सोय कोणी केली, त्यांना किती वर्षे आणि कसे शिकवले गेले, त्यांना मैफलीपासून केव्हा दूर ठेवले आणि केव्हा पुढे बसवले, या प्रश्नांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. घरातल्या एखाद्या गुणी मुलाचा किंवा मुलीचा गळा चांगला आहे हे ध्यानात आल्यावर पुढे काय करायचे, असा पेच ज्या पालकांना आज पडतो, त्यांच्या दृष्टीने तर हेच प्रश्न सर्वांत महत्त्वाचे आहेत.

या परिसरातील गुणी मुलांच्या जडणघडणीचा मागोवा घेताना आरंभ बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांच्यापासून करावा लागतो. वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ग्वाल्हेर घराण्याची विद्या मिळवून बुवांनी ती महाराष्ट्रात आणली आणि मिरज व पुढे इचलकरंजी या संस्थानांच्या आश्रयाने ती मोकळ्या हाताने वाटली. घराणे म्हणजे गुरुशिष्यपरंपरेतून आलेली, आवाज लावण्यापासून तान घेण्यापर्यंतची एक विशिष्ट शिस्त. आणि ज्या ख्यालगायकीसाठी ग्वाल्हेरची ख्याती आहे तो ख्याल म्हणजे बंदिश किंवा चीज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या पदरचनेच्या आधाराने, तालाच्या चौकटीत राहून केलेला रागाचा विस्तार. बुवांच्या शिष्यांमध्ये विष्णु दिगंबर पलुस्कर, अनंत मनोहर जोशी, मिराशीबुवा, गुंडूबुवा इंगळे, नीलकंठबुवा अशी एकाहून एक नावे आहेत. एका माणसाच्या हाताखालून एवढी माणसे तयार होतात, तेव्हा ते श्रेय केवळ शिष्यांच्या अंगच्या गुणांना देऊन चालत नाही. तिथे शिकवण्याची एक पक्की व्यवस्था असावी लागते.

ती व्यवस्था कशी होती हे पलुस्करांच्या उदाहरणावरून चांगले समजते. १८७२ साली कुरुंदवाड येथे एका कीर्तनकाराच्या घरी जन्मलेल्या विष्णूच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्याने इजा झाली आणि उपचारासाठी त्याला मिरजेला आणावे लागले. शालेय शिक्षणाची वाट अशी बंद झाल्यावर मिरज संस्थानच्या अधिपतींच्या आश्रयाने त्याला बाळकृष्णबुवांकडे सोपवण्यात आले, आणि १८९६ साली, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, मिरज सोडेपर्यंत गाणे शिकणे हाच त्याचा व्यवसाय राहिला. संस्थानाच्या या उपकाराचे मोल करताना केवळ पोटापाण्याची सोय पाहिली जाते. पण त्या सोयीमुळे एका तरुणाला कमाईची चिंता न करता आणि लोकांपुढे आपले गाणे मांडण्याची घाई न करता वर्षानुवर्षे एकाच कामाला जुंपून घेता आले, ही गोष्ट अधिक मोलाची मानली पाहिजे. गुणी मुलाला सर्वांत आधी लागतो तो असा राखून ठेवलेला वेळ, आणि हा वेळ त्याचे आईवडील, कितीही मनापासून वाटले तरी, बहुधा एकट्याच्या बळावर विकत घेऊ शकत नाहीत.

पलुस्करांना याची पुरेपूर जाणीव असावी, कारण ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केल्यावर त्यांनी शिष्यांना जवळ ठेवून घेण्याची आणि काही वर्षांच्या कराराने त्यांना शिक्षक म्हणून घडवण्याची पद्धत सुरू केली. मिरजेत १८९८ साली जन्मलेले विनायकराव पटवर्धन १९०७ साली, जेमतेम नऊ वर्षांचे असताना, याच विद्यालयात दाखल झाले. मिरजेहून लाहोर म्हणजे त्या काळी किती दूरचा पल्ला होता आणि इतक्या लहान मुलाला तिकडे धाडताना घरच्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच करावी. पलुस्करांनी पुढे मुंबईत उभारलेली वास्तू कर्जापायी गमवावी लागली आणि १९३१ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. त्याच्या शिक्षणाचा भार ज्यांनी उचलला त्यांत, १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू करणारे हेच विनायकराव होते. पोरक्या झालेल्या त्या मुलाचे पुढे द. वि. पलुस्कर झाले. गुरूने जे दिले ते गुरूच्याच मुलाला परत करण्याचा हा व्यवहार कोणत्याही शिष्यवृत्तीच्या नियमावलीत बसणारा नाही, आणि तरीही या क्षेत्रातील पुष्कळशी गुणवत्ता अशाच व्यवहारांवर तगून राहिली आहे.

राखून ठेवलेल्या या वेळात प्रत्यक्षात काय घडते, हे संगीताबाहेरच्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. तालीम म्हणजे गुरूने समोर बसवून दिलेले शिक्षण आणि रियाज म्हणजे शिष्याने एकट्याने केलेली मेहनत. या दोहोंचे प्रमाण ठरवणे हे गुरूचे पहिले कौशल्य. दुसरे कौशल्य काय शिकवायचे नाही हे ठरवण्याचे. अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांनी मिरजेला आपले घर केले आणि त्यांचे शिष्य सवाई गंधर्व यांनी कुंदगोळला भीमसेन जोशींना शिकवले, त्या किराणा घराण्याच्या परंपरेविषयी असे सांगितले जाते की तोडी, मुलतानी आणि पुरिया अशा मोजक्याच रागांवर भीमसेनांची दीर्घकाळ तालीम झाली. आठवड्याला नवा राग मागणाऱ्या आजच्या पालकांना ही कृपणता वाटेल. परंतु सकाळचा एक, दुपार उलटल्यावरचा एक आणि संध्याकाळचा एक असे तीन राग ज्याच्या गळ्यात पूर्ण उतरले, त्याला बाकीच्या रागांची वाट स्वतःहून शोधता येते, हा त्यामागील विचार होता. तोडी आणि मुलतानी यांत स्वर जवळपास सारखेच असतात आणि तरीही दोन्ही राग पूर्णपणे वेगळे असतात; हा वेगळेपणा पुस्तकात वाचून समजत नाही, तो कानाला पटेपर्यंत रोज ऐकावा आणि गावा लागतो.

या वर्षांच्या मधोमध, मुलांच्या बाबतीत, एक अवघड वळण येते. मराठीत त्याला कंठ फुटणे म्हणतात. साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षांच्या दरम्यान स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि काही महिन्यांत मुलाचा आवाज जवळजवळ एका सप्तकाने खाली उतरतो. ज्या मुलाने बालगायक म्हणून टाळ्या मिळवल्या आहेत त्याच्यासाठी हा काळ फार क्लेशाचा असतो, कारण कालपर्यंत सहज लागणारा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, आज चिरकतो आणि घसा आपला राहिलेला नाही असे वाटू लागते. जाणता शिक्षक या दिवसांत मुलाला उंच पट्टीत ओढत नाही. पट्टी उतरवून मध्य आणि मंद्र सप्तकात, हलक्या आवाजात, थोडा थोडा वेळ गाऊन घेतो, आणि उरलेला वेळ ऐकण्याला, लय अंगात मुरवण्याला आणि बंदिशी पाठ करण्याला देतो. याच वयात स्पर्धांचे आणि वाहिन्यांवरील कार्यक्रमांचे आमंत्रण आले की ते नाकारण्याचे धैर्य पालकांना दाखवावे लागते. अशा वेळी ताणून गायलेला आवाज पुढे कायमचा बिघडू शकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलाचा स्वतःच्या गळ्यावरचा विश्वास उडतो.

ऐकणे हेही शिकवावे लागते आणि ते शिकवणारे सर्वांत चांगले साधन मिरजेतच तयार होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथल्या शिकलगार घराण्यांनी, ज्यांचा मूळ व्यवसाय शस्त्रांना धार लावण्याचा होता, सतारी आणि तंबोरे घडवण्याची कला आत्मसात केली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकणारे मोठे कडू भोपळे वाळवून त्यांचा तुंबा करतात, त्याला लाकडी दांडी जोडतात. पण तंबोऱ्याचा जीव खरा असतो तो घोडीत, म्हणजे ज्या रुंद, किंचित बाकदार पट्टीवरून तारा जातात त्या भागात. ही पट्टी अगदी बारीक घासून तिला असा उतार देतात की छेडलेली तार तिला हलकेच स्पर्शत राहावी. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून तो केसभर पुढे-मागे करत जातात, आणि एका नेमक्या जागी बोथट आवाज एकाएकी उघडतो, त्यात असंख्य सूक्ष्म ध्वनी चमकू लागतात. याला जवारी खुलणे म्हणतात. अशा जुळलेल्या तंबोऱ्यातील खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची, तार छेडून शांत बसले तर थोड्या वेळाने त्या एकाच तारेतून, कोणीही न वाजवलेला गांधार, म्हणजे ग हा स्वर, ऐकू येऊ लागतो. याला स्वयंभू गांधार असे नाव आहे आणि तारेच्या कंपनातील पाचव्या अंशस्वरामुळे तो निर्माण होतो. ज्या मुलाला हा गांधार पहिल्यांदा स्वतःच्या कानांनी सापडतो त्याला सुरेलपणा म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच विजेवर चालणाऱ्या पेटीतून निघणाऱ्या तंबोऱ्याच्या आवाजावर, तो कितीही सोयीचा असला तरी, सुरुवातीच्या वर्षांत पूर्णपणे विसंबून राहणे योग्य नाही.

असामान्य मुलाला कसे सांभाळावे याचा सर्वांत बोलका दाखला मात्र मिरजेत जन्मलेल्या एका शिक्षकाने मुंबईत घालून दिला. पलुस्करांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ साली मुंबईत संगीताची शाळा काढली, आणि पुढच्या दशकाच्या मध्यास बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा, १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकली नावाचा मुलगा तिच्यात दाखल झाला. कुमार गंधर्व या नावाने तो तोपर्यंत गाजला होता. नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो त्या हुबेहूब गाऊन दाखवत असे आणि १९३५ साली अलाहाबादच्या संगीत परिषदेत त्याने श्रोत्यांना थक्क केले होते. अशा मुलाच्या बाबतीत शिक्षकापुढे दोन मोह उभे राहतात: एक, त्याला गावोगाव नेऊन त्याच्या नावावर मैफली कराव्यात, दुसरा, ती नक्कल मोडून काढण्यासाठी त्याला एकाच साच्यात बंद करावे. देवधरांनी हे दोन्ही मोह टाळले. त्यांनी मुलाला शास्त्र समजावून दिले, नक्कल कुठे संपते आणि समज कुठे सुरू होते हे दाखवले, आणि त्याच वेळी अनेक घराण्यांच्या गायक-वादकांची जिथे सतत ये-जा असे अशा आपल्या शाळेत त्याला मोकळेपणाने ऐकू दिले. कुमार विशीच्या आत त्याच शाळेत शिकवू लागले. पुढे त्यांनी जी स्वतंत्र गायकी निर्माण केली ती कोणाचीही नक्कल नव्हती, हे सर्वश्रुत आहे; परंतु बालपणी जो मुलगा इतरांचेच गाणे गात होता, त्याला स्वतःचे गाणे सापडेपर्यंत धीर धरणारा शिक्षक मिळाला, याचे श्रेय जितक्या ठळकपणे द्यायला हवे तितके दिले गेलेले नाही.

मल्लिकार्जुन मन्सूर यांची गोष्ट याच्या जोडीला ठेवण्यासारखी आहे. नाटक मंडळीत गाणाऱ्या या धारवाडकडच्या मुलाला बाळकृष्णबुवांचे शिष्य नीलकंठबुवा यांनी हेरले आणि आपल्याजवळ मिरजेला आणून अनेक वर्षे ग्वाल्हेरची तालीम दिली. त्या भक्कम पायावर मन्सूरांनी पुढे मंजी खाँ आणि बुर्जी खाँ या, अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडून जयपूर-अत्रौलीची बिकट गायकी उचलली. पहिल्या गुरूकडे पाया पक्का झालेला असला तर दुसऱ्या गुरूकडे जाण्यात काही गैर नाही, उलट ते पोषकच ठरते, हे त्यातून दिसते.

शिक्षण आणि स्वतंत्र मैफल यांच्या मध्ये आपल्या परंपरेने एक सुंदर पायरी ठेवलेली आहे. शिष्य गुरूच्या मागे तंबोऱ्यावर बसतो, गुरूने खूण केली की स्वरसाथ करतो, म्हणजे एखादा आलाप आपल्या आवाजात पुढे नेऊन गुरूच्या हाती परत देतो. श्रोत्यांची नजर त्याच्यावर नसते आणि तरीही सगळी मैफल त्याला दिसत असते: तबलजीशी गुरू डोळ्यांनी काय बोलतो, साथीदाराची चूक कशी झाकली जाते, रंग भरत नसेल तर कोणती चीज काढली जाते. अशी पाच-सात वर्षे गेल्यावर शिष्याला पहिली छोटी बैठक मिळते. मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात, जिथे अब्दुल करीम खाँ यांची समाधी आहे, उरुसाच्या निमित्ताने त्यांच्या स्मरणार्थ होणारी संगीत सभा, तसेच अंबाबाईच्या देवळातील नवरात्र संगीत महोत्सव, या दोन्ही ठिकाणी गाणे ही सेवा मानली जाते, आणि त्यामुळे तिथे बसणारा श्रोता तरुण गायकाला पारखतो, पण त्याला खाली पाडत नाही. नवोदिताला अशाच श्रोत्यांची गरज असते. भीमसेन जोशींचेच पाहावे: १९३६ पासून पाच-एक वर्षे सवाई गंधर्वांच्या घरी पाणी भरत तालीम, मग १९४१ मधील पहिली जाहीर मैफल, मग आकाशवाणीवरील गायन, आणि १९४६ साली पुण्यात गुरूच्या साठीच्या समारंभात झालेले ते गाणे, ज्यानंतर त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. तालीम सुरू झाल्यापासून नाव होईपर्यंत दहा वर्षे गेली, आणि ती काही वाया गेली नाहीत.

आज या मधल्या दहा वर्षांचीच आबाळ होते. मुलाला शिकवायला सुरुवात करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे मिरजेच्या ब्राह्मणपुरीत गांधर्व निकेतन आहे, आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा त्याच्या परीक्षांनी संगीत सर्वसामान्य घरांत पोचवण्याचे फार मोठे काम केले आहे. परंतु परीक्षा ही शिक्षणाच्या प्रसारासाठी आखलेली असते; तिच्यात दरवर्षी रागांची संख्या वाढत जाते, तर कलावंत घडवणारी तालीम एका रागात वर्ष वर्ष रेंगाळते. विशारद झालेला विद्यार्थी म्हणजे तयार गायक, असा समज करून घेतला की विसाव्या वर्षी निराशा पदरी येते. खरी मेहनत नेमकी तिथून सुरू व्हायची असते आणि त्याच वेळी नोकरी धरण्याचा तगादाही सुरू होतो. कुपवाडच्या वसाहतीत पाळीवर काम करणाऱ्या कुटुंबातील मुलगा किंवा मुलगी असेल तर तो तगादा टाळणे जवळजवळ अशक्य होते. मैफली मिळाल्याच तर बिदागी, म्हणजे गाण्याचे मानधन, तबला आणि संवादिनीच्या साथीदारांना देऊन आणि प्रवासखर्च वजा जाता हातात फारसे काही उरत नाही. मुलींच्या बाबतीत रात्री उशिरा संपणाऱ्या कार्यक्रमांहून परतण्याचा प्रश्न वेगळाच असतो. गायिका गंगूबाई हनगल हुबळीहून कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे आगगाडीने जाऊन तालीम घेत, हे आपण कौतुकाने सांगतो. त्या गाडीच्या वेळांवर त्यांचे शिकणे किती अवलंबून राहिले असेल हा विचार मात्र मनात येत नाही.

मदतीचे काही मार्ग उपलब्ध आहेत. केंद्रीय संस्कृती मंत्रालय १८ ते २५ वयोगटातील तरुण कलाकारांना प्रगत शिक्षणासाठी दरमहा ५,००० रुपयांची, दोन वर्षांची शिष्यवृत्ती देते. त्याहून लहान, १० ते १४ वयाच्या मुलांसाठी सांस्कृतिक संसाधन व प्रशिक्षण केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती आहे. आकाशवाणीच्या स्वरचाचणीत उत्तीर्ण होऊन श्रेणी मिळवली की गाण्याच्या दर्जाला एक अधिकृत मान्यता लाभते. गुरू आणि शिष्य एकाच आवारात राहतात असे नव्या काळातील गुरुकुल कोलकात्यात आयटीसी संगीत रिसर्च अकादमीच्या रूपाने १९७७ पासून चालू आहे आणि हुबळीत गंगूबाईंच्या नावाचे गुरुकुल आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या क्षेत्रात न्यूयॉर्कला १९६१ साली स्थापन झालेल्या यंग कॉन्सर्ट आर्टिस्ट्स या संस्थेने आणखी वेगळा मार्ग धरला: निवडलेल्या तरुण कलावंतांना ती काही वर्षे सातत्याने कार्यक्रम मिळवून देते आणि त्यांच्या व्यवसायाची सगळी व्यवस्था पाहते. एकरकमी पारितोषिकापेक्षा अशी नेमाने मिळणारी व्यासपीठे नवोदितांना अधिक उपयोगी पडतात, यात शंका नाही, कारण बक्षिसाची रक्कम संपते, पण महिन्याला एक बैठक ठरलेली असली की तिच्यासाठी रियाज करावाच लागतो.

संस्थाने गेली आणि ती परत येणार नाहीत. तरीही सांगली-मिरज-कुपवाडसारख्या शहराच्या आवाक्यात येतील अशा काही गोष्टी आहेत, आणि त्यांना फार पैसाही लागत नाही. वसाहतीतील दहा कारखानदारांनी मिळून एका विद्यार्थ्याचा पाच वर्षांचा राहण्याजेवणाचा खर्च उचलणे अवघड नाही. मात्र त्या पाच वर्षांत दरवर्षी त्याच्याकडून निकालाचा कागद न मागण्याचा समजूतदारपणा त्यांना दाखवावा लागेल. कुणाच्या दिवाणखान्यात तीस-चाळीस श्रोत्यांपुढे महिन्यातून एकदा होणारी बैठक तरुण गायकाला मोठ्या सभागृहातल्या पंधरा मिनिटांपेक्षा कितीतरी अधिक देऊन जाते. आणि घराघरांतून, आजी-आजोबांच्या पश्चात, गवसणीत गुंडाळून कपाटावर ठेवलेले तंबोरे असतात. ते दुरुस्त करून होतकरू विद्यार्थ्यांना शिकण्याच्या काळापुरते वापरायला देता येतील. अशा तंबोऱ्याची जवारी काही कायम टिकत नाही. रोजच्या रियाजाने तारा घोडीवर बारीक खाचा पाडतात, आवाज पुन्हा बोथट होतो, आणि मग कुपवाडच्या त्या विद्यार्थ्याला तंबोरा सांभाळत मिरजेच्या सतारमेकर गल्लीत यावे लागते, जिथे घोडी पुन्हा घासून झाल्यावर कारागीर तार छेडतो, दोरा केसभर सरकवतो आणि षड्ज लावून बघायला सांगतो.